पोलिसाच्या बंदुकीचा दस्ता कोणाच्या मापाचा?

बंदुकीचा विषय निघाला की लोक गोळीचं बोलतात, पल्ल्याचं बोलतात. दस्त्याचं कोणी बोलत नाही. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग. पोलिस त्याला बट म्हणतात, आणि शस्त्रागारात रायफलची ओळखही 'बट नंबर'वरूनच सांगतात. हा दस्ता किती लांब असावा, तो दुमडावा की आत सरकावा, हा प्रश्न वरवर कारागिराचा वाटतो. पण तो आपल्या चौकात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाच्या जिवाचा प्रश्न आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात आपल्या वऱ्हाडातूनच करू. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. वेलस्लीच्या पायदळाच्या हातात तेव्हा साडेचार फुटांच्या वर लांबीची मस्केट होती, तिच्या टोकाला संगीन. एवढी लांब कशासाठी? कारण शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहायचे. मागच्याच्या बंदुकीची नळी पुढच्याच्या कानाच्या पुढे यायला पाहिजे, नाही तर आपलाच माणूस भाजायचा. आणि अंगावर घोडेस्वार आला तर संगीन त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. म्हणजे ती लांबी मोकळ्या मैदानासाठी होती.

पुढं थ्री नॉट थ्री आली. लांबी जवळपास पावणेचार फूट. या रायफलची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. इंग्रजांनी तिचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनवले होते. ठेंगण्या शिपायाला आखूड, उंच्यापुऱ्याला लांब, आणि दस्त्यावर तसं अक्षर ठोकलेलं. चपलेला जसा नंबर असतो तसं. हाताच्या मापाचा दस्ता नसेल तर नेम चुकतो, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आपल्याकडं मात्र शिपायाचं माप गणवेशाच्या शिंप्यानं घेतलं, शस्त्रागारानं नाही.

दस्ता लहानमोठा करायची खरी गरज पडली दुसऱ्या महायुद्धात. पॅराशूटनं उडी मारणाऱ्याला, रणगाड्यात बसणाऱ्याला लांब बंदूक अडचणीची. म्हणून जर्मनांनी एमपी ४० ला, अमेरिकनांनी छत्रीधारी सैनिकांच्या एम१ए१ कार्बाईनला दुमडणारा दस्ता दिला. इंग्रजांची स्टर्लिंग त्याच वाटेनं आली, आणि १९६३ पासून ती कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागली. व्हीआयपींच्या अंगरक्षकांकडं वर्षानुवर्षं दिसलेली 'कार्बाईन' ती हीच. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींवर अंगरक्षकानंच गोळ्या झाडल्या, त्यातलं एक शस्त्र स्टर्लिंगच होतं.

आता थोडं दस्त्याच्या रचनेबद्दल. दुमडणारा दस्ता बिजागरीवर फिरतो. सरकणारा दस्ता नळीवर किंवा दांड्यांवर मागंपुढं होतो आणि ठरावीक खाचेत खटक्यानं अडकतो. सोपं वाटतं, पण खरी मेख तो खटका. गोळी सुटली की बंदूक खांद्यावर आपटते. त्या धक्क्यानं खटका सुटला किंवा दस्ता डुगडुगला तर गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, डोळा आणि माशी एका रेषेत राहत नाही, आणि गोळी भलतीकडं जाते. म्हणून असं शस्त्र पाचपन्नास गोळ्या झाडून पास करता येत नाही. उन्हात, धुळीत, बर्फात ते चालवून पाहावं लागतं.

२६ नोव्हेंबर २००८ ला याची किंमत मुंबईनं मोजली. सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, दहशतवादी आले ते एके रायफली बॅगेत घालून. समोरच्या पोलिसांकडं लाठ्या आणि थोड्या जुन्या रायफली. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी थ्री नॉट थ्री चालवली, शेवटी खुर्ची फेकून मारली. तुकाराम ओंबळे तर लाठी घेऊनच कसाबला भिडले. शौर्याला तोड नाही. पण त्या शौर्याच्या आड आपण साधनांचा प्रश्न झाकला. राम प्रधान समितीनं दारूगोळ्याच्या टंचाईवर आणि न झालेल्या गोळीबार सरावावर बोट ठेवलं होतं.

बरं, आखूड शस्त्र आपल्याला बनवता येत नव्हतं का? येत होतं, आणि तेही पुण्यात. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत इन्सास शस्त्रांचं काम ऐंशीच्या दशकात सुरू झालं. योजना तीन भावंडांची होती: रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाईन. पहिली दोन सैन्यात गेली. इन्सासची दुमडत्या दस्त्याची रायफलही निघाली. कार्बाईन तेवढी मागं राहिली. त्याच प्रयोगशाळेनं पुढं सरकत्या दस्त्याची, साधारण तीन किलोची 'जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाईन' तयार केली. बंदूक कानपूरला बनते, गोळी आपल्या खडकीला. कडक उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात उंच पहाडावर चाचण्या झाल्या, आणि ७ डिसेंबर २०२० ला लष्कराच्या चाचण्यांचा शेवटचा टप्पा तिनं पार केला. गृह मंत्रालयाच्या चाचण्या त्याआधीच झाल्या होत्या.

मधल्या काळात दिल्लीत काय चाललं होतं? २०१८ मध्ये ९३,८९५ कार्बाईनसाठी संयुक्त अरब अमिरातीची काराकाल कंपनी पुढं आली, मग तो सौदाच बारगळला. शेवटी २०२५ मध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास कार्बाईनचं काम पुण्याच्या भारत फोर्जला आणि पीएलआर सिस्टिम्सला मिळालं. तीन भावंडांची कल्पना निघाली तेव्हापासून चाळीसेक वर्षं गेली. तेही लष्कर आणि नौदलासाठी. पोलिसाचा नंबर नेहमी त्यानंतर. लष्करानं एसएलआर सोडली की ती पोलिसांकडं येते, हीच आपली रीत.

म्हणून दस्त्याचा प्रश्न आजचा आहे. बुलेटप्रूफ जॅकेट घातलं की छाती जाड होते आणि तोच ठरीव दस्ता हाताला लांब पडतो. पोलिस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. राज्य राखीव दलाच्या अमरावतीच्या नऊ नंबर गटातला सहा फुटी जवान आणि ठाण्यातली पाच फूट दोन इंची महिला शिपाई, दोघांच्या हातात एकाच मापाची एसएलआर द्यायची, आणि नेम चुकला तर म्हणायचं सराव कमी पडला. राजापेठच्या किंवा इतवाऱ्याच्या गल्लीत, जीपच्या दारातून उतरताना, साडेतीन फुटांहून लांब बंदूक आधी दाराला अडकते आणि मग वळते.

काही जण म्हणतील, पोलिसाला आखूड स्वयंचलित शस्त्र दिलं तर तो गर्दीवर चालवील. शंका खोटी नाही. म्हणूनच तर शस्त्राइतकाच सराव पाहिजे. बेभरवशाची बंदूक आणि बिनसरावाचा हात, यात गर्दीलाच जास्त धोका आहे.

अमरावती-अकोल्याच्या आमदारांना एक विनंती. नागपूरच्या अधिवेशनात रस्त्या-धरणांसोबत दोन प्रश्न विचारा. आपल्या दोन जिल्ह्यांत किती पोलिसांकडं मापाप्रमाणे लहानमोठा होणाऱ्या दस्त्याचं शस्त्र आहे? आणि एका शिपायाला वर्षाला सरावासाठी किती गोळ्या मिळतात? उत्तर लेखी मागा. मिळालं की इथंच टाकू.