ट्रॅक्टर निर्यात : भारतातून अमेरिकेत

ट्रॅक्टर निर्यात (भारत–अमेरिका) : भारतात तयार झालेले शेती-ट्रॅक्टर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाठवून विकण्याचा व्यापार. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने १९९४ मध्ये टेक्सास राज्यात ‘महिंद्रा यूएसए’ ही उपकंपनी काढली आणि या व्यापाराला ठळक रूप आले. नगसंख्येने पाहिले तर भारत हा ट्रॅक्टर बनवणाऱ्या देशांत अग्रेसर आहे. २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन्ही आर्थिक वर्षांत देशातून दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास ट्रॅक्टर बाहेर गेले. २०२३-२४ मध्ये हा आकडा लाखाखाली उतरला. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, तुर्कस्तान आणि आफ्रिकेतले अनेक देश हीही या ट्रॅक्टरांची गिऱ्हाइके. त्या देशांत बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरला नांगरट आणि ओढकाम अशी आपल्या ओळखीचीच कामे असतात. अमेरिकेत मात्र गिऱ्हाईक वेगळे आणि कामही वेगळे, म्हणून या बाजाराची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

पूर्वपीठिका : स्वातंत्र्यानंतरची दहा-बारा वर्षे भारत ट्रॅक्टर बाहेरून आणत होता. देशी उत्पादन १९६० च्या सुमारास सुरू झाले, तेही परदेशी आराखड्यांवर : आयशर जर्मन, टॅफे मॅसी फर्ग्युसनचे, एचएमटी चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर हार्वेस्टरच्या ब्रिटिश शाखेच्या आराखड्यावर बेतलेला होता. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे अमेरिकेतच हार्वेस्टरवर संकट आले, १९८५ च्या सुमारास तिचा शेतीयंत्रांचा व्यवसाय विकला गेला आणि केस कंपनीत मिसळला. ज्या अमेरिकन कंपनीकडून तंत्र घेतले तिची शेतीयंत्रांतली स्वतंत्र ओळख संपली, आणि तिच्या भारतीय भागीदाराने दहाएक वर्षांत त्याच देशात तिच्यासारखेच लाल रंगाचे ट्रॅक्टर विकायला काढले. उद्योगांच्या इतिहासात असे उलटे फेरे थोडेच सापडतात.

गिऱ्हाईक : अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेत सुमारे १९ लाख शेते मोजली गेली, सरासरी शेत ४६३ एकरांचे. भारतातली शेतजमिनीची सरासरी धारणा २०१५-१६ च्या गणनेनुसार १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भारतीय ट्रॅक्टराला तिथे कोण विचारणार असे वाटते, आणि मोठ्या शेतकऱ्यापुरते ते खरेही आहे. आयोवा किंवा कॅन्ससमधला मका-गव्हाचा शेतकरी तीनशे-चारशे अश्वशक्तीची यंत्रे वापरतो. भारतीय कारखान्यांचा मुख्य माल शंभर अश्वशक्तीच्या खूप खाली असतो. पण सरासरी फसवी असते. अमेरिकेत नगांच्या हिशेबात निम्म्याहून अधिक ट्रॅक्टर चाळीस अश्वशक्तीखालचे विकले जातात. ते घेणारा माणूस बहुधा गावाबाहेर पाच-दहा-वीस एकर जागा घेऊन राहिलेला असतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, आणि दारात दोन घोडे, थोडी कुरणे, लांब खडीचा रस्ता, हिवाळ्यात बर्फ. वर्षाला हजार डॉलरचा शेतमाल विकला गेला, किंवा एरवी जाऊ शकला असता, तर सरकारी व्याख्येत त्याची जागाही ‘शेत’ धरली जाते.

हा माणूस क्वचितच नांगरतो. त्याला गवत कापायचे असते, खडी पसरायची असते, खांबांचे खड्डे घ्यायचे असतात, बर्फ ढकलायचा असतो. म्हणून पुढचा लोडर ही तिथली जवळजवळ सक्तीची वस्तू झाली आहे. ट्रॅक्टर, लोडर आणि कापणीयंत्र एकत्र ‘पॅकेज’ म्हणून विकले जातात. भारतात पुढच्या धुरीवर ओझे फारसे नसते, सगळा भार मागे, नांगराला नाहीतर ट्रॉलीला. लोडर लावला की हा हिशेब उलटतो. मग पुढची चाकेही चालवणारी, जड भार पेलणारी धुरी लागते. पुण्याजवळ रांजणगावला कॅरारो या इटालियन कंपनीचा धुऱ्यांचा कारखाना आहे, तो याच प्रकारच्या मालासाठी ओळखला जातो. त्याशिवाय क्लच न दाबता पुढे-मागे नेणारी हायड्रोस्टॅटिक चालनयंत्रणा, हिरवळ न उखडणारी रुंद टायरे, आणि चालक सीटवर नसेल तर पीटीओ (अवजारे फिरवणारा दांडा) किंवा इंजिन बंद पाडणारे स्विच. दोन्ही मडगार्डांवर माणसे बसवून बाजाराला जाणाऱ्या आपल्या ट्रॅक्टराला हे शेवटचे कलम पचणार नाही, पण तिथे ते ठरीव आहे.

मानके : सर्वांत अवघड कुंपण धुराचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, ‘टिअर ४’ मानके इंजिनाच्या ताकदीप्रमाणे बदलतात. १९ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण पंचवीस अश्वशक्तीच्या आत सूक्ष्म कणांची मर्यादा सैल आहे आणि साधे यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन चालून जाते. १९ ते ५६ किलोवॅटमध्ये २०१३ पासून ही मर्यादा किलोवॅट-तासाला ०.०३ ग्रॅम झाली. त्यासाठी कॉमन रेल इंधनयंत्रणा आणि बहुधा काजळी अडवणारी गाळणीही लागते. ५६ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण पंचाहत्तर अश्वशक्तीच्या, वर नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादाही कडक होते आणि युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा जोडावी लागते. तिथल्या दुकानांत चोवीस-पंचवीस आणि चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीची मॉडेले दाटीने का दिसतात, याचे उत्तर शेतीपेक्षा या कायद्यात सापडते.

भारतातले नियम याच्या मागे चालतात. ‘ट्रेम ४’ मानके १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, तीही पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. देशात खपणारे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखाली येतात. त्यामुळे नागपूरच्या शेतकऱ्याला विकलेला चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रंग बदलून ह्यूस्टनला पाठवता येत नाही. त्याला वेगळे इंजिन लागते, आणि प्रत्येक इंजिन-कुटुंबाचे, प्रत्येक मॉडेल-वर्षाचे ईपीए प्रमाणपत्र घ्यावे लागते. इंजिनावर त्याची पट्टी नसेल तर माल बंदरातच अडतो. १९ किलोवॅटच्या वरच्या बहुतेक इंजिनांना धूर-यंत्रणेची हमी ५ वर्षे किंवा ३,००० तासांची द्यावी लागते. म्हणजे निर्यातदाराची जबाबदारी जहाज सुटल्यावर संपत नाही, खरे तर तिथून ती सुरू होते.

दुसरे कुंपण सुरक्षेचे. ट्रॅक्टर उलटला तर चालक चिरडू नये म्हणून सीटमागे बसवलेली लोखंडी कमान आणि तिच्याबरोबर सीटबेल्ट. मजूर ठेवणाऱ्या शेतमालकांना १९७६ च्या ऑक्टोबरनंतर बनलेल्या ट्रॅक्टरांवर ही कमान बंधनकारक झाली आणि पुढे ती सगळ्याच नव्या ट्रॅक्टरांवर येऊ लागली. अपघात झाला तर यंत्र सदोष होते असा दावा उत्पादकावर लावता येतो, आणि अमेरिकन न्यायालयांतली भरपाई मोठी असते. म्हणून उत्पादन-दायित्वाचा विमा, इशाऱ्यांचे स्टिकर आणि जाडजूड माहितीपुस्तिका हाही खर्च किमतीत धरावाच लागतो.

कामगिरीच्या चाचण्यांचा इतिहास मात्र रंजक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मिनिआपोलिसच्या एका कंपनीने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर काढला. हेन्री फोर्डशी त्याचा संबंध नव्हता. नेब्रास्कातले शेतकरी आणि आमदार विल्मट क्रोझिअर यांच्या वाट्याला असा एक ट्रॅक्टर आला आणि तो चालेना. त्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला : जाहिरातीत सांगितलेली ताकद राज्य विद्यापीठाच्या चाचणीत दिसली नाही, तर तो ट्रॅक्टर राज्यात विकता येणार नाही. लिंकन शहरातल्या या चाचण्यांचा धाक साऱ्या जगातल्या कारखानदारांना बसला. आज हे काम आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) आंतरराष्ट्रीय संहितांनुसार होते आणि भारतही त्या व्यवस्थेत सहभागी आहे. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून चालणारी केंद्रीय संस्था भारतातल्या ट्रॅक्टर-चाचण्यांचे प्रमुख ठिकाण आहे.

पाठवणी : निर्यातदाराजवळ विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो. मग शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, मूळदेश-प्रमाणपत्र ही नेहमीची कागदपत्रे येतात. आंतरराष्ट्रीय व्यापारमालाच्या सुमेळ (एचएस) वर्गीकरणात ट्रॅक्टर ८७०१ या शीर्षकाखाली असून २०१७ पासून त्याचे पोटभाग इंजिनाच्या ताकदीवर पाडले आहेत. चाळीस फूट लांबीच्या जादा उंच कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटरच्या आसपास असते, तेव्हा चाके काढून, कमान दुमडून, ट्रॅक्टर एकमेकांत गुंतवून बसवले जातात. एका कंटेनरमध्ये एक नग जास्त बसला की भाड्याचा मोठा भाग सुटतो, त्यामुळे ही बसवणी कुशल माणसाचे काम समजले जाते. लाकडी आधार ५६ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून शिक्का मारलेले लागतात. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चाके आणि लोडर बहुधा पलीकडे बसवतात. महिंद्राची अशी जुळणी-केंद्रे टेक्सासखेरीज कॅन्सस, पेन्सिल्वेनिया अशा राज्यांत उभी राहिली.

विक्री : अमेरिकेत कंपनी शेतकऱ्याला थेट विकत नाही, स्वतंत्र डीलरला विकते, आणि तेही उधारीवर. ट्रॅक्टर डीलरच्या अंगणात उभा राहतो, पैसे तो विकला गेल्यावर येतात, मधले काही महिने व्याज बहुधा कंपनीच सोसते. गिऱ्हाइकालाही बिनव्याजी हप्ते द्यावे लागतात. डीलरशी करार मोडला तर न विकलेला माल आणि सुटे भाग कंपनीने परत घ्यावेत, असे कायदे अनेक राज्यांत आहेत. नवख्या परदेशी नावाला डीलर पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही, सुट्या भागांचा विचारतो : गवत वाळत पडलेले असताना पंप गेला तर दुसरा किती दिवसांत येईल? याचे उत्तर अमेरिकेतल्या गोदामातूनच द्यावे लागते.

हे जाळे विणणे किती कठीण, हे एस्कॉर्ट्सच्या अनुभवावरून दिसते. फरिदाबादच्या या कंपनीने नॉर्थ कॅरोलायनातल्या टार्बरो येथील जुन्या लाँग ट्रॅक्टर उद्योगाचा आधार घेऊन ‘फार्मट्रॅक’ नावाने बस्तान बसवले होते, पण ते टिकले नाही. जॉन डीअरची वाट निराळी. पुण्याजवळ सणसवाडीला या अमेरिकन कंपनीने कारखाना काढला, आधी लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत आणि नंतर स्वतंत्रपणे. तिथली ५००० मालिकेतली मॉडेले अमेरिकेसह अनेक देशांत गेली. त्यांना बाजारात ओळख मिळवायची गरजच नव्हती, जॉन डीअरचा ओळखीचा हिरवा रंग होता एवढे पुरेसे होते. उलट, महिंद्राच्या नावाने अमेरिकेत विकलेले सगळेच ट्रॅक्टर भारतीय नसतात : लहान मॉडेलांपैकी बरीच कोरियाच्या टीवायएम आणि जपानच्या मित्सुबिशी कंपन्यांकडून बनवून घेतली गेली. मित्सुबिशीच्या शेतीयंत्र-कंपनीत महिंद्राने २०१५ मध्ये भागभांडवलही घेतले, आणि त्या सहकार्यातून तेलंगणातल्या झहीराबादला बनणारी ‘ओजा’ ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका २०२३ मध्ये जगापुढे आली.

चढउतार : हा बाजार पिकांच्या भावापेक्षा घरांच्या बाजाराशी अधिक बांधलेला आहे. २००८ मध्ये घरबांधणी कोसळली तशी छोट्या ट्रॅक्टरांची मागणीही खचली. २०२० च्या महासाथीत शहरी लोक मोकळ्या जागेत राहायला गेले आणि डीलरांची अंगणे रिकामी झाली. २०२२ पासून व्याजदर चढले, तशी मागणी पुन्हा ओसरली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, वाटेत दहा-पंधरा दिवसांची भर पडली.

शेती-ट्रॅक्टरांवर अमेरिकेची मूळ आयात-जकात शून्य आहे. २०२५ मध्ये मात्र अमेरिकेने सरसकट अतिरिक्त शुल्के लावली आणि ऑगस्टअखेर बहुतेक भारतीय मालावरचे असे शुल्क ५० टक्क्यांवर गेले. मागणी नोंदवल्यापासून ट्रॅक्टर डीलरकडे पोचेपर्यंत काही महिने जातात. दर मध्येच बदलला, तर जहाजावरच्या मालाला बहुधा बंदरावरच्या त्या दिवसाचा दर लागतो, आणि डीलरला आधी कळवलेली किंमत कंपनीला सहसा बदलता येत नाही.