यंत्रक्षमतेचे मापन : टेलिफोनपासून सर्व्हरपर्यंत

सर्व्हरची क्षमता किती ठेवावी, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. आग्नेर क्रारुप एरलांग हे गणितज्ञ इ. स. १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत दाखल झाले. तेथील पेच व्यवहारातला होता. लाइनी कमी ठेवाव्यात तर ग्राहकास संभाषण मिळत नाही. अधिक ठेवाव्यात तर भांडवल अडकून पडते. यदृच्छया येणारे कॉल प्वासाँच्या नियमास अनुसरतात, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखविले; विफल कॉलांची व प्रतीक्षेची सूत्रे १९१७ मध्ये दिली.

तासात तीन-तीन मिनिटांचे ४० कॉल आले, म्हणजे १२० मिनिटांचे संभाषण. अर्थात भार २. (या एककास पुढे एरलांग यांचेच नाव मिळाले.) दोन लाइनी पुरतील असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि सूत्राप्रमाणे दोन लाइनींवर शेकडा ४० कॉल विफल होतात. हे प्रमाण शेकडा १ च्या आत आणावयाचे तर सात लाइनी हव्यात, आणि मग प्रत्येक लाइन सरासरीने सुमारे शेकडा २८ वेळच व्यग्र राहते. हिशेबनीसास जी उधळपट्टी दिसते, ती वस्तुतः सेवेची किंमत होय.

संगणकाच्या क्षेत्रात हा विचार १९६५ मध्ये ॲलन शेर यांच्या प्रबंधाने स्थिरावला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील कालविभागणी-संगणकाचे मापन करून त्यांनी त्यास एक साधी प्रतिकृती लावली : अनेक यंत्रे आणि दुरुस्तीस एकच कारागीर. संगणकाचे बहुतेक अंतर्गत तपशील वगळूनही उत्तरास लागणारा वेळ तिने समाधानकारक वर्तविला. १९७१ मध्ये जेफ्री ब्यूझन यांनी प्रक्रियक व डिस्क यांच्या स्वतंत्र रांगा हिशेबात घेतल्या.

या साऱ्या गणितात एक कटू गोष्ट आहे. कामे व त्यांची लांबी दोन्ही अनियमित असता, एकाच सर्व्हरचा वापर शेकडा ५० असेल तर काम पुरे होण्यास मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. शेकडा ९० असेल तर दहापट. म्हणून केवळ व्यग्रतेची शेकडेवारी अपुरी ठरते. टेनेक्स प्रणालीत १९७३ मध्ये 'भार-सरासरी' नोंदली जाई ती यासाठीच. तीत रांगेतील कामेही मोजली जात.

एकत्रीकरणाचा लाभही याच सूत्रांतून निघतो. भार दसपट, म्हणजे २० झाला, तरी त्याच शेकडा १ च्या मर्यादेत ७० नव्हे, ३० लाइनी पुरतात. एकविसाव्या शतकारंभी अनेक सर्व्हरांची कामे एका यंत्रावर एकवटण्याची जी पद्धती रूढ झाली, तिचा आधार हाच. मात्र मागण्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. परीक्षेचा निकाल जाहीर होताच सारे विद्यार्थी एकदम येतात, तेव्हा तसे नसते.