अर्भकहादरा लक्षणसमूह : प्रतिबंधाचा इतिहास

अर्भकास खांद्यांना वा छातीला धरून गदागदा हलविल्याने त्याच्या मेंदूस होणारी इजा. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड व मानेचे स्नायू दुबळे असतात. हिसक्यांसरशी डोके मागेपुढे फेकले जाते, मेंदूवरील नीला फाटतात व आवरणाखाली रक्त साचते. डोळ्याच्या जालपटलातही रक्तस्राव होतो. अंधत्व, झटके, बुद्धिमांद्य किंवा मृत्यू हे त्याचे परिणाम होत. अंगावर मात्र पुष्कळदा साधा वळही नसतो. पाळण्याचे झोके वा मांडीवरचे खेळविणे यांनी अशी इजा होत नाही.

अमेरिकन क्षकिरणतज्ञ जॉन कॅफी (१८९५–१९७८) यांनी १९४६ मध्ये मेंदूवरील रक्तस्राव व हातापायांचे अस्थिभंग एकत्र आढळणाऱ्या अर्भकांची नोंद केली, परंतु कारण अस्पष्ट राहिले. ब्रिटिश तंत्रिका शल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च (१९१५–२०१६) यांनी १९७१ मध्ये हा रक्तस्राव हिसक्यांनी होऊ शकतो, असे मांडले. चापट मारण्यापेक्षा मूल हलविणे सौम्य व निर्धोक, असे पालकांना वाटत असावे, ही त्यांची टिप्पणी महत्त्वाची आहे. कारण मग उपाय शिक्षेपेक्षा शिक्षणात शोधावा लागतो. कॅफी यांनीही १९७२ व १९७४ च्या लेखांत पालकांना सावध करण्यावर भर दिला. केवळ रक्तस्रावावरून गुन्हा सिद्ध मानण्याविषयी पुढे तीव्र मतभेद झाले आणि खुद्द गुथकेल्च यांनी उतारवयात अशा घाईविरुद्ध इशारा दिला. मूल जोराने हलवू नये, याविषयी मात्र दुमत नाही.

बाहेरून काही दिसत नाही म्हणून इजा नाही, ही समजूत किती दृढ असते, हे सोलापूर जिल्ह्यातील मुस्ती (ता. दक्षिण सोलापूर) येथील प्रथेवरून कळते. तेथील उमर बाबांच्या दर्ग्यावर नवस फेडण्यासाठी तान्ही मुले सुमारे १५ मी. उंचीवरून खाली सोडीत व खालचे लोक ती ताणून धरलेल्या चादरीत झेलीत. हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांतील आईबाप त्यात भाग घेत. वैद्यकीय दृष्ट्या हे पतन होय, हादरविणे नव्हे. तथापि चादरीवर आदळताना मानेला बसणारा हिसका दोहोंतही चिंतेचा विषय आहे. आजवर एकाही मुलाला काही झाले नाही, असे भाविक सांगत. ही खात्री रडणे थांबलेले व अंगावर खरचटलेले नसलेले मूल पाहून झालेली असे. मेंदूची तपासणी कोणी केलेली नसे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९ मध्ये या प्रथेची दखल घेतली. बालन्यायविषयक कायद्यांनी (२००० व २०१५) मुलाचा सांभाळ करणाऱ्याकडून होणारा छळ व उपेक्षा दंडनीय ठरविली आहे. परंतु मुस्तीचे आईबाप मुलाच्या आयुरारोग्यासाठीच तेथे येत. छळाच्या कल्पनेत ते स्वतःला कसे बसविणार ?

घरोघरी अशा इजेचे नेहमीचे निमित्त नवस नसून रडणे हे आहे. अमेरिकन बालरोगतज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी १९६२ मध्ये दाखविले, की निरोगी अर्भकाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोहोचते व नंतर ओसरते. थकलेल्या माणसाचा तोल याच काळात जाण्याचा धोका अधिक. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात मार्क डायस यांनी डिसेंबर १९९८ पासून प्रसूतिगृहातच आईबरोबर वडिलांनाही माहिती देऊन त्यांची स्वाक्षरी घेण्याचा उपक्रम राबविला. २००५ च्या अहवालानुसार अशा इजांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. पेनसिल्व्हेनियातील याच धर्तीच्या मोठ्या उपक्रमात मात्र रुग्णालयात दाखल होणाऱ्या अर्भकांची संख्या घटली नाही, असे २०१७ मध्ये आढळले. एकदाच सांगून भागत नाही, असा याचा अर्थ दिसतो. मूल रडून रडून आवरेना तर त्याला सुरक्षित जागी उताणे निजवून काही मिनिटे दूर व्हावे किंवा दुसऱ्याच्या हाती सोपवावे, हा या शिक्षणाचा गाभा होय. तो आजी, दाई व पाळणाघरातील सेविका यांच्यापर्यंतही पोहोचावा लागतो.

महाराष्ट्रात घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची पद्धत अभय व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली (१९९९ मध्ये प्रसिद्ध). तिच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या जन्मापासून ४२ व्या दिवसापर्यंत घरी भेटी देऊ लागल्या. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींची जोड मिळाली. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. रडण्याचा कळस जेथे येतो, तेथेच भेटींची पहिली मालिका संपते व पुढची भेट तिसऱ्या महिन्यात असते.