स्वदेशी व बहिष्कार (महाराष्ट्रातील)

वस्तू विकत घेताना किंमत व प्रत यांबरोबरच ती कोठे, कोणी व कोणाच्या भांडवलावर तयार केली, याचाही विचार करून खरेदीचा निर्णय घेण्याची चळवळ. स्वदेशी ही तिची स्वीकाराची, तर बहिष्कार ही नकाराची बाजू होय. बंगालच्या फाळणीमुळे १९०५ मध्ये ती देशव्यापी झाली. तथापि महाराष्ट्रात तिची पूर्वपीठिका त्याआधीच तयार झाली होती.

लोकहितवादींनी १८४८–५० या काळात प्रभाकर साप्ताहिकातील पत्रांतून देशी मालाचा पुरस्कार केला. पुण्यात न्या. म. गो. रानडे यांनी १८७२-७३ च्या सुमारास देशी व्यापारावर व्याख्याने दिली. याच सुमारास ग. वा. जोशी (सार्वजनिक काका) यांनी देशी कापड वापरण्याचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून ते हातसुती कापडाच्या साध्या वेषात उपस्थित राहिले. १८९६ मध्ये सरकारने आयात कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तितकेच उत्पादनशुल्क बसविले. लँकाशरच्या हितासाठी केलेल्या या व्यवस्थेविरुद्ध लो. टिळकांनी बहिष्काराचा प्रचार केला.

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात वि. दा. सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली. नकाराला पर्याय हवा म्हणून विधायक कार्यही उभे राहिले. मुंबईत १९०६ मध्ये स्वदेशी सहकारी भांडार निघाले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. परंतु मागणी वाढताच देशी गिरण्यांच्या कापडाचे भाव चढले. धोतरजोड्या रास्त दरात पुरवाव्यात, यासाठी टिळकांना गिरणीमालकांशी बोलणी करावी लागली. ग्राहकाने देशासाठी सोसलेली झीज मालकाच्या नफ्यात जमा व्हावी काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

१९३० च्या सविनय कायदेभंगात काँग्रेसने या प्रश्नाला संघटित उत्तर दिले. केवळ भारतात विणलेले कापड स्वदेशी ठरेना. गिरणीची मालकी व व्यवस्थापन भारतीय असावे, तिने परदेशी सूत वापरू नये आणि खादीशी स्पर्धा करणारे कापड काढू नये, अशा अटी घालण्यात आल्या. त्या लेखी मान्य करणाऱ्या गिरण्या मान्यताप्राप्त ठरल्या. इतरांच्या मालावर बहिष्कार पुकारण्यात आला. माल पाहून ओळखता न येणारी गोष्ट अशा रीतीने ग्राहकाला यादीवरून कळू लागली. विदेशी कापडाच्या दुकानांवर स्त्रियांनी मोठ्या संख्येने निरोधन केले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाची मोटार अडविताना बाबू गेनू हा गिरणीकामगार तिच्याखाली चिरडून मृत्यू पावला.

त्या वर्षी ब्रिटिश कापडाची आयात निम्म्याहून कमी झाली. जागतिक मंदी हेही याचे एक प्रमुख कारण असल्याने या घटीचे सर्व श्रेय बहिष्काराला देता येत नाही. महागडे देशी कापड घेण्याचा भार गरिबांवर अधिक पडला, तर विदेशी मालाच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या उपजीविकेवर संकट आले. तरीही खरेदी ही निव्वळ खाजगी बाब नसून तिला सार्वजनिक जबाबदारीची बाजू आहे, ही जाणीव या चळवळीने सामान्य माणसात रुजविली. अशा निवडीला परवडणारा पर्याय, विश्वसनीय माहिती व उत्पादकावरील लोकमताचा वचक यांची जोड लागते, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.