आईचा प्रश्न आणि बाबांचा बिल्ला

जानेवारीत आमच्याकडे उमेदवार येऊन गेले. 2026 ची महापालिका निवडणूक, म्हणजे 2017 नंतर जवळजवळ नऊ वर्षांनी आलेली. त्यातली शेवटची चारेक वर्षं तर नागपूरला नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्यामुळे उत्साह भलताच. गळ्यात पट्टे, हातात पत्रकं, मागे पंधरा-वीस पोरं. त्यांतल्या एका उमेदवाराने वाकून आईला नमस्कार केला.

"काकू, तुमच्या गल्लीतला सिमेंट रोड आपणच आणला बरं का!"

"ते तर दिसूनच राहिलं बाप्पा," आई म्हणाली. "बस कधी येते ते सांग."

पोरं हसली. उमेदवारही हसला. "पाहतो काकू," म्हणाला आणि पुढच्या फाटकाकडे वळला. आई मात्र हसली नाही.

तिचं कारण साधं आहे. आम्ही मानेवाड्याला राहतो, मावशी महालात. आईचे गुडघे गेलेत. बसथांब्यापर्यंतचं अंतर आता तिला झेपत नाही आणि ऑटोचे पैसे देताना तिचा जीव जातो. पूर्वी दर गुरुवारी ती मावशीकडे जायची, स्वतःची स्वतः. आता मी स्कूटरवर नेऊन सोडतो. म्हणजे दोन बहिणींची भेट माझ्या सवडीवर अवलंबून आहे. आणि माझी सवड कशी असते, ते मला माहीत आहे...

त्या दिवशी ती पोरं का हसली, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. रस्ता मागितला, नाली मागितली, तर कोणी हसत नाही. मग बस मागितली तर हसू का यावं?

त्याच आठवड्यात जुनी पेटी आवरताना बाबांच्या सायकलचा बिल्ला सापडला. आजच्या मुलांना सांगावं लागेल, पण एके काळी सायकलवरही कर असायचा. वर्षाचे पैसे भरायचे आणि पत्र्याचा छोटासा बिल्ला सायकलला अडकवायचा. बाबा महालातून लोखंडी पुलाखालून बर्डीला आणि तिथून सिव्हिल लाइन्सला कचेरीत जायचे, रोज, सायकलने. मी पुढे डांड्यावर, ताई मागे कॅरिअरवर. बिल्ला हातात घेतल्यावर वाटलं, अरे, या माणसाने सायकल चालवण्याचा कर भरला होता! त्याच्या बदल्यात सायकलसाठी म्हणून वेगळं काय मिळालं? मला तरी काही आठवत नाही. आणि बाबांनीही कधी मागितलं नाही.

बसची गोष्ट आणखी मजेशीर आहे. मुंबईत बेस्ट 1947 मध्ये महापालिकेकडे आली. पुण्यात 1950 मध्ये महापालिकेची पीएमटी सुरू झाली. त्यामुळे तिथे बस हा नगरसेवकाला जाब विचारण्याचा विषय झाला. भाडेवाढ झाली की सभागृहात आरडाओरडा ठरलेला. नागपूरची महापालिका 1951 ची. पण आपण तेव्हा मध्य प्रदेशात, किंबहुना त्याच्या राजधानीत. 1956 मध्ये राज्य बदललं, राजधानी गेली, आणि इथली सरकारी बससेवा मुंबई राज्याच्या एसटीत विलीन झाली. पुढे शहरातली बसही एसटीच चालवायची. म्हणजे बस कमी पडली तर नगरसेवकाने खुशाल हात वर करावेत: "ते एसटीचं आहे हो!" आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

2007 मध्ये महापालिकेने खाजगी कंपनीमार्फत स्टार बस सुरू केली. 2017 पासून ती 'आपली बस' झाली. नाव किती छान आहे पाहा! पण तोवर दोन पिढ्यांना सवय लागून गेली होती, की नगरसेवकाकडे मागायचं ते रस्ता, नाली आणि दिवा.

त्याच सुमाराचा दुसरा धागा म्हणजे रस्ते. 2000 च्या आसपास टी. चंद्रशेखर आयुक्त असताना नागपूरचे रस्ते रुंद झाले. ते काम मोठंच होतं, आजही जुनी मंडळी त्यांचं नाव आदराने घेतात. मीही घेतो. पण रुंद रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढला आणि बाबांसारखे लोक कडेला सरकत सरकत एक दिवस दिसेनासे झाले. बाबांनी सायकल विकली नाही. ती नुसती गॅलरीत उभी राहिली.

सायकल आता परत आली आहे, पण रविवारी पहाटे. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका', म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने पूर्ण केली तेव्हा ऊर भरून आला होता. तरी कचेरीत सायकलने जाणारा माणूस ही वेगळी जात, आणि ती अजून परतलेली नाही. मेट्रो 2019 मध्ये धावू लागली, डिसेंबर 2022 मध्ये पहिल्या टप्प्याचे दोन्ही मार्ग पूर्ण झाले. गाडी उत्तम आहे. पण मानेवाड्याहून तिच्यापर्यंत पोचायला पुन्हा बसच हवी ना?

असं नाही की या विषयावर मतं मिळतच नाहीत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात एन्रिके पेन्यालोसा 1997 मध्ये महापौर म्हणून निवडून आले. त्यांनी सायकलचे मार्ग बांधले, बसला स्वतःचा रस्ता दिला. पुढे निवडणुका हरलेही, आणि 2015 मध्ये लोकांनी त्यांना परत निवडून दिलं. पण तिथे एका महापौराला अख्ख्या शहराचा विचार करावा लागतो. इथे 151 नगरसेवक, 38 प्रभाग. 2011 ची सुमारे 24 लाख लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात साठ हजारांवर माणसं, आणि बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. बस तर चार-पाच प्रभाग ओलांडून जाते. मग तिचं श्रेय कोणाच्या फलकावर लिहिणार? सिमेंटचा रस्ता कसा, गल्लीत सुरू होतो, गल्लीतच संपतो.

पण सगळा दोष उमेदवारांवर टाकून मोकळं होता येत नाही. त्या दिवशी आईच्या मागे मीही उभा होतो. तिच्या प्रश्नावर पोरं हसली तेव्हा मी काय केलं? मीही कसनुसा हसलो. "आईचं आपलं काहीतरीच" असा चेहरा केला. माझ्याकडे स्कूटर आहे ना!

15 जानेवारीला आईला मतदानाला घेऊन गेलो. यंत्रापाशी तिला बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर विचारलं, "काय झालं गं?"

"चारदा बटण दाबलं," ती म्हणाली. "एकही बसवाला नव्हता."

बिल्ला मी आता स्कूटरच्या किल्लीला अडकवला आहे. पुढच्या वेळी कोणी फाटकाशी आलं, तर बसचं आईच्या आधी मी विचारीन म्हणतो.