अजिंठ्याचा लाखोटा

विसाव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरलेल्या माणसाला, इथं भिंतीवर चित्रं आहेत, हे सांगावं लागे. डोळे अंधाराला सरावले की चकचकीत, काळपट तपकिरी पृष्ठभागाखाली कुठे हत्तींचा कळप, कुठे राजाचा लवाजमा अंधूक दिसायचा. पाहणारा मनात म्हणायचा, दोन हजार वर्षं झाली, रंग काळवंडणारच. पण तो तपकिरीपणा दोन हजार वर्षांचा नव्हता. त्यातला बराचसा जेमतेम ऐंशी वर्षांचा होता. तो आला होता बाटलीतून, आणि बाटलीत आला होता झाडाच्या फांदीवरून. त्या पदार्थाचं नाव लाख.

पुराणवस्तू कशा जपाव्यात याचं आज जे शास्त्र आहे, त्याचा एक मोठा धडा या लाखेनं दिलेला आहे. म्हणून तिची कुळकथा मुळापासून सांगायला हवी.

पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा कीटक वस्तीला येतो. पिल्लं लाल असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढीच. फांदीवर जागा धरली की मादी तिथून हलत नाही. सोंड सालीत खुपसून रस शोषते आणि अंगाभोवती राळेसारखा पदार्थ सोडत राहते. शेजारशेजारच्या हजारो माद्यांची ही घरं एकमेकांत मिसळून फांदीवर खरबरीत कवच चढतं. विदर्भात गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या पळसांवर आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर झारखंडात हे पीक घेतलं जातं. एक किलो लाखेमागे लाखो किडे राबलेले असतात. ‘लाख’ हा आकडा आणि ‘लाख’ हा पदार्थ यांचं नातं लोक यावरूनच जोडतात. व्याकरणाच्या वाटेनं पाहिलं तर दोन्ही शब्द आपापल्या रस्त्यानं आले आहेत, एक ‘लक्ष’वरून, दुसरा ‘लाक्षा’वरून. मूळ संस्कृत शब्दांची गाठ कुठे पडते, हा वेगळा विषय.

‘लाक्षा’ मात्र फार जुनी. अथर्ववेदाच्या एका सूक्तात ती जखम भरून आणणारी औषधी म्हणून येते. लाक्षेनं रंगवलेल्या वस्त्राला काय म्हणावं, याचा नियम पाणिनीनं सांगून ठेवला आहे. महाभारतातलं लाक्षागृह तर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पांडवांना जाळण्यासाठी हाच पदार्थ निवडला, कारण तो भडकन पेटतो. पायांना लावायचा अळिता याच कीटकाच्या लाल रंगाचा. आणि पत्र बंद करून त्यावर लाखेची मोहर उठवली की झाला लाखोटा! मराठीनं ही एक फार नेमकी वस्तू शब्दात पकडून ठेवली आहे. लाखोट्याचा सारा भरवसा एका गुणावर उभा असतो. तो फोडल्याशिवाय उघडता येत नाही.

ही लाख किड्याची की झाडाची, हा वाद पश्चिमेकडच्या पंडितांत बराच काळ चालला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात लाखेवर एक स्वतंत्र संवाद आहे. लाख हा झाडाचा डिंक नसून फांद्यांवरचे मुंगीसारखे जीव ती तयार करतात, असं त्यानं लिहिलं. मुंगी चुकली, पण रोख बरोबर होता. १७८१ साली जेम्स कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या कीटकाचं शास्त्रीय वर्णन दिलं. पोर्तुगिजांच्या ‘लाका’, फ्रेंचांच्या ‘लाक’ आणि इंग्रजांच्या ‘लॅकर’ या शब्दांचं मूळ शोधत गेलं की माणूस आपल्याच पळसाखाली येऊन उभा राहतो.

सुरुवातीला युरोपला हवा होता तो लाखेतला लाल रंग. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातले रंग आले, तशी ती मागणी ओसरली. पण तोवर राळेलाच भाव आला होता. दाणेदार लाख लांबट कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर धरायची, पिशवी पिळत जायचं, वितळून बाहेर येणारी लाख ताणून पातळ पापुद्रा करायचा आणि थंड झाल्यावर त्याचे तुकडे करायचे. हीच चपडी. स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडी कापडाच्या बोळ्यानं लाकडावर फिरवली की आरशासारखं पॉलिश चढतं. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्याच. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या तबकड्यांतून घरोघरी पोचली, त्या ठेचल्या तर काचेसारख्या फुटत, त्या याच कारणानं. तेव्हा जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता, आणि १९२४ साली रांचीजवळ नामकुम इथं लाखेसाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

संग्रहालयांनीही चपडी आपलीशी केली. फुटलेलं मडकं सांधायला, उत्खननात निघालेली ठिसूळ हाडं घट्ट करायला, जीवाश्मांवर लेप द्यायला ती हाताशी असे. झटपट वाळते, बारीक भेगांत शिरते, चमक देते, स्वस्त पडते. पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे नको झाली तर काढून टाकता येईल, असंही वाटे.

या शेवटच्या वाटण्यातच घात होता.

सुतारकाम करणाऱ्याला एक गोष्ट अनुभवानं माहीत असते: कालवलेली चपडी फार दिवस ठेवू नये. जुन्या द्रावणाचा हात नीट वाळत नाही, चिकट राहतो. कारण लाख बाटलीतही स्वस्थ बसत नाही. तिच्या रेणूंवर आम्ल आणि अल्कोहोल अशा दोन्ही जातींची टोकं असतात. बाटलीत ही टोकं स्पिरिटशी जोडली जातात. भिंतीवर स्पिरिट उडून गेल्यावर ती एकमेकांशीच जोडली जाऊ लागतात. वर्षं जातात तसं सुट्या रेणूंचं जाळं विणलं जातं. थर पिवळा होतो, मग तपकिरी. तो ठिसूळ होतो, आकसतो. आणि ज्या स्पिरिटमध्ये तो एके काळी साखरेसारखा विरघळायचा, तेच स्पिरिट आता त्यावरून ओघळून जातं.

हे जाळं जिथं विणलं गेलं, त्या भिंती कशा आहेत हेही पाहायला हवं. अजिंठ्याचा दगड काळा बसाल्ट. त्यावर मातीचा गिलावा, मातीत वनस्पतींचे तंतू आणि दगडाची भरड. त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ हात, आणि त्यावर चित्र. तांबडी-पिवळी गेरूची माती, दख्खनच्याच खडकातली हिरवी माती, काजळी. निळा तेवढा दूरचा, बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द. युरोपीय लेखक या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणत. ओल्या चुन्यावर रंग लावला की तो चुन्यातच बांधला जातो, ते खरं फ्रेस्को. मद्रास संग्रहालयाचे रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात नमुने तपासून दाखवलं की अजिंठ्यात रंग कोरड्या पृष्ठभागावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत. हा फरक शब्दापुरता नाही. सरसाला पाणी लागलं की तो सुटतो.

असा गिलावा हवेबरोबर जगतो. वाघूर नदीच्या वळणावर पावसाळ्यात तो दमट होतो, उन्हाळ्यात वाळतो. त्यातल्या तंतूंवर किडे तुटून पडतात. वेरूळच्या गिलाव्यात भांग मिसळलेली होती आणि तिनं कीड दूर ठेवली असावी, असं पुरातत्त्व खात्यातले रसायनज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ साली मांडलं. अजिंठ्याच्या कारागिरांनी भांग वापरलेली नाही.

१८१९च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला निघालेला जॉन स्मिथ या दरीत पोचला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. त्यानंतर जे आले ते बहुतेक चित्रांच्या प्रेमात पडूनच आले. कॅप्टन रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून पुढची अनेक वर्षं इथं प्रतिकृती काढण्यात घालवली. त्यातल्या बहुतेक सगळ्या १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. तेरा वर्षांत या मंडळींनी सुमारे ३०० प्रतिकृती केल्या. लेण्यात उजेड कमी, रेषा पुसट. चित्र उठून दिसावं म्हणून मूळ चित्रांवर त्यांनी रोगण फिरवलं. ओला हात फिरल्याबरोबर रंग जागे झाले असतील, हे कुणीही समजू शकेल. तो हात तिथंच राहिला.

पुढचा थर चढला तो निजामाच्या राज्यात. हैदराबादचं पुरातत्त्व खातं १९१४ साली सुरू झालं, प्रमुख होते गुलाम याझदानी. चित्रांचे पोपडे गळत होते. खात्यानं इटलीतून प्राध्यापक लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. १९२० ते १९२२ या काळात दोन हिवाळे ते लेण्यांत राबले. दगडापासून सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा बसवला, तुटक्या कडा बांधून घेतल्या, पृष्ठभाग स्वच्छ केला आणि शेवटी त्यावर चपडीचा हात दिला. आता या चित्रांना निदान दोन शतकांचं आयुष्य लाभलं, अशी याझदानींची खात्री होती.

चेक्कोनींना दोष देणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचंही होईल. त्यांनी थोपवून धरलेला गिलावा आज जागेवर आहे. तो त्या दोन हिवाळ्यांत सावरला नसता, तर पुढच्या पिढीला साफ करायला भिंतीवर काही उरलंच नसतं. आणि १९२० साली चपडीबद्दल शंका घ्यावी असं ज्ञान तरी कुठे होतं? संग्रहालयाची पहिली रसायनशाळा फ्रिडरिख राठगेन यांनी बर्लिनमध्ये १८८८ साली सुरू केली होती. ब्रिटिश म्युझियमला जाग आली ती पहिल्या महायुद्धानंतर, बाँबच्या भीतीनं भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत ठेवलेल्या वस्तू गंजून आणि बुरशी धरून परत आल्यावर. भारतीय पुरातत्त्व खात्यात पहिले रसायनज्ञ मोहम्मद सनाउल्लाह नेमले गेले ते १९१७ साली. म्हणजे अजिंठ्यात लाखेची बाटली उघडली तेव्हा हे शास्त्र रांगत होतं. पदार्थ आज कसा दिसतो एवढंच बघितलं जाई. पन्नास वर्षांनी तो कसा वागेल, हा प्रश्न विचारायची रीतच पडली नव्हती.

ती पडली हळूहळू, अशाच अनुभवांतून. अजिंठ्यासारख्या भिंती आणि लाखेसारखे लेप जगभर होते. कलाकृतींच्या शास्त्रीय तपासणीवर आणि जतनावर १९३० साली रोममध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट फेलर यांनी रोगणांना तीव्र प्रकाशाखाली ठेवून त्यांचं म्हातारपण लवकर आणून पाहिलं. त्या कसोटीला उतरलेलं एक ॲक्रेलिक, पॅरालॉइड बी-७२, आज जवळजवळ प्रत्येक संग्रहालयाच्या कपाटात असतं, कारण अनेक वर्षांनंतरही ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. आणि १९६७ साली अमेरिकेतल्या जतनतज्ज्ञांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेत हे तत्त्व शब्दांत आलं: जे लावाल ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे.

अजिंठ्यात मात्र जे लावलं गेलं होतं, ते काढायचं बाकी होतं. स्वातंत्र्यानंतर लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आली. सुटे रंग धरून ठेवण्यासाठी काही ठिकाणी पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे लेप दिले गेले. त्या काळी तो नव्या युगाचा पदार्थ होता. म्हणजे थरांवर आणखी एक थर. त्यावर वटवाघळांची घाण, धूळ, धूर. आकसणारा लाखेचा पापुद्रा सुटताना खालचा रंगही ओढून नेत होता.

१९९९पासून राजदेव सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या भिंती साफ करायला घेतल्या. अडचण रसायनाची होती आणि अगदी अवघड होती. जुनी लाख स्पिरिटला दाद देत नाही. क्षारयुक्त पाण्यात ती सुटते, पण पाणी लागलं की खालचा सरसातला रंगही सुटतो. म्हणून ठरावीक प्रमाणात मिसळलेली द्रावकं, मायक्रोइमल्शनं आणि जपानी बनावटीची जतनसामग्री वापरून, खालचं चित्र इन्फ्रारेड प्रकाशात आधी पाहून, कापसाच्या बोळ्यानं इंच इंच करत थर मऊ करायचा आणि उचलायचा. थोडा जास्त वेळ द्रावक राहिलं तर रंग जातो, कमी वेळ राहिलं तर लाख हलत नाही. वर्षानुवर्षं हे काम चाललं. काजळीखालून इसवी सनाच्या आधीच्या माणसांचे चेहरे निघाले. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांपैकी ही चित्रं, आणि त्यांतले काही भाग या पिढीतल्या कुणीही पाहिलेले नव्हते.

ग्रिफिथ्सच्या प्रतिकृतींचीही गोष्ट तिथंच संपत नाही. १८८५ साली लंडनमध्ये लागलेल्या दुसऱ्या आगीत शंभराहून अधिक जळाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. काही सहा मीटर लांबीच्या. २००६ साली त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या जतनाचं काम हाती घेतलं गेलं. भिंतीवरून गळून गेलेल्या कित्येक आकृती आता फक्त या कापडांवर आहेत, ज्या पोरांनी मूळ चित्रांवर रोगण फिरवलं त्यांच्याच हातच्या.