डोळ्यांपुढच्या माश्या: एका जुन्या तक्रारीचा इतिहास आणि सिल्वासा

डोळ्यांपुढे काळे ठिपके, केसासारखे धागे किंवा जाळी तरंगताना दिसणे ही वैद्यकातील फार जुनी तक्रार आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रानुसार दोष दृष्टीच्या दुसऱ्या पटलात शिरला की रुग्णाला माश्या, डास, केस, जाळी आणि पताका दिसू लागतात. दोष आणखी आत गेला की दृष्टीच जाते. युरोपातील जुने वैद्यही या माश्यांना मोतीबिंदूची चाहूल समजत. निदान चुकले होते, दक्षता मात्र अस्थानी नव्हती.

मोतीबिंदूवर उपाय होता तो सुईने भिंग खाली ढकलण्याचा. गावोगाव फिरणारे सुईवाले हे काम विसाव्या शतकातही करत. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री एलियट यांनी 1917 च्या ग्रंथात त्याचे परिणाम तपासले. रुग्णाला लगेच दिसू लागे, सुईवाला बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई आणि नंतर अनेकांचा डोळा जंतुसंसर्गाने किंवा आतला दाब वाढून निकामी होई.

सिल्वासा ज्या नगर हवेलीत आहे, ती 1783 पासून पोर्तुगीजांकडे होती आणि दमण जिल्ह्यात मोडे. वारली, कोकणा, धोडिया समाजांच्या या मुलखाभोवती चहूबाजूंनी ब्रिटिश सत्तेखालचा प्रदेश होता. पोर्तुगीजांची वैद्यकशाळा 1842 पासून गोव्यात होती आणि त्याच शतकात मुंबईत भायखळ्याला सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालय उभे राहिले. जंगलपट्टीतल्या माणसाला दोन्ही सारखीच दूर. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि 1961 मध्ये प्रदेश भारतात विलीन झाला.

दरम्यान डोळ्याच्या आतले चित्र स्पष्ट झाले होते. हेल्महोल्ट्झ यांच्या 1851 च्या उपकरणामुळे जिवंत डोळ्याचा मागचा पडदा पाहता येऊ लागला. डोळ्यातील पारदर्शक गर वयाबरोबर पातळ होतो, त्यातल्या तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. रुग्णाला दिसते ती हीच. पन्नाशीनंतर हा गर पडद्यापासून सुटतो. जास्त मायनस नंबर असल्यास किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असल्यास तो आधीही सुटतो. बहुतेकांना त्याने इजा होत नाही, पण कधी सुटताना तो पडदा फाडतो. सुटलेला पडदा म्हणजे अंधत्व, असेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत समीकरण होते. लोझानच्या झ्यूल गोनँ यांनी मूळ दोष त्या छिद्रात असल्याचे ओळखून ते बंद करायला सुरुवात केली. पुढे लेझर आले, आणि 1970 च्या दशकात रॉबर्ट माखेमर यांच्या पद्धतीने गरच काढून टाकता येऊ लागला. लवकर डॉक्टर गाठण्याला खरा अर्थ आला तो या उपचारांमुळे.

भारतात 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर होता आणि अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण तेच असल्याने ते योग्यही होते. मात्र दृष्टी शाबूत असलेला, फक्त ठिपके दिसणारा माणूस मोतीबिंदू शिबिराच्या रांगेत सहसा बसत नसे. पुढे करसवलतींमुळे सिल्वासाभोवती कारखाने वाढले आणि ठिपक्यांना आणखी एक कारण मिळाले. तिथे धातूचा कण डोळ्यात घुसला की आत रक्तस्राव होऊन असेच डाग दिसू शकतात. मधुमेहातही तसे होऊ शकते.

आज सिल्वासात विनोबा भावे शासकीय रुग्णालय आणि त्याला जोडलेले, 2019 मध्ये सुरू झालेले नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्षानुवर्षे तेच दोन-चार धागे दिसत असतील आणि पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे पाहताना ते जास्त जाणवत असतील, तर डोळे एकदा तपासून घेतले की पुरे. मेंदू हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ठिपक्यांचा एकाएकी वर्षाव झाला, विजेसारखे चमकले, कडेने सावली पसरली किंवा मार लागल्यावर डाग दिसू लागले, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा लागतो. पडदा फाटला तरी डोळा दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. नव्याने ठिपके आणि चमक दिसून आलेल्यांपैकी साधारण सातांत एकाला पडद्याला चीर असते. पडदा सुटण्याआधी ती सापडली तर बहुधा लेझरने बंद करता येते. पहिली तपासणी निर्दोष निघाली तरी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, कारण चीर नंतरही पडू शकते.